कॉर्कीचं आता काय करावं?

शिंपला
बरेच दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी धागाच काढते.

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या करमणूक उद्यानात कॉर्की नावाची ऑर्का (किलर व्हेल) मादी आहे. ११ डिसेंबर १९६९ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या पेंडर हार्बरमध्ये तिच्या कळपाला जाळ्यांनी कोंडलं आणि त्यातल्या सहा जणांना मत्स्यालयांसाठी ठेवून घेतलं. तेव्हा ती चारेक वर्षांची असावी. त्या सहांतली आता ती एकटी उरली आहे. आधी लॉस एंजेलिसजवळच्या 'मरीनलँड ऑफ द पॅसिफिक'मध्ये होती, १९८७ च्या जानेवारीपासून सॅन डिएगोत. सात वेळा गाभण राहिली, एकही पिल्लू दोन महिनेसुद्धा जगलं नाही. आज वय साठीच्या आसपास. बंदिवासात इतकी वर्षं दुसरी कुठलीच ऑर्का जगलेली नाही.

तिचा मूळ कळप, ए-५, व्हँकुव्हर बेटाजवळच्या जॉनस्टोन सामुद्रधुनीच्या परिसरातला. तिथल्या हॅन्सन बेटावर पॉल स्पाँग यांची ऑर्कालॅब आहे. पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) सोडून ही मंडळी १९७० पासून ऑर्कांचं बोलणं ऐकत आली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की बेटावरच्या डबल बे या लहानशा खाडीचं तोंड जाळ्याने बंद करावं आणि कॉर्कीला तिथे आणावं. मोकळं सोडायचं नाही. मासे भरवायचे, डॉक्टर ठेवायचे, पण पाणी समुद्राचं असेल आणि कानावर आवाज तिच्या माणसांचे (म्हणजे ऑर्कांचे... कळलं ना!) पडतील. सीवर्ल्डचं म्हणणं, समुद्रातले पिंजरे या प्राण्यांसाठी धोक्याचे आहेत आणि इथे तिची नीट काळजी घेतली जाते.

तुमच्या हातात निर्णय असता तर काय केलं असतं? प्राण्यांना खेळ करायला कोंडून ठेवणं वाईट, यावर आपलं एकमत आहे असं धरून चालते. त्यावर पुन्हा शंभर प्रतिसाद नकोत. प्रश्न फक्त हिचा आहे.

तिरकस
पहिला!
(सविस्तर नंतर लिहितो.)

रानवारा
पाठवा. यात विचार करण्यासारखं काय आहे? पंचावन्न वर्षं लोकांपुढे उड्या मारून झाल्या. आता तिला उरलेले दिवस खाऱ्या वाऱ्यात काढू द्या. "वय झालं म्हणून हलवू नका" हे तेच लोक म्हणताहेत ज्यांनी ती तरुण असताना "अजून कामाची आहे म्हणून हलवू नका" असं म्हटलं असतं.

गुरांचा_डॉक्टर
मी गाई-म्हशींचा डॉक्टर, ऑर्काला हात लावायचा प्रसंग कधी आलेला नाही. त्यामुळे वाचनावर आणि सर्वसाधारण पशुवैद्यकीवर बोलतोय, तेवढं धरून वाचा.

मोठं जनावर पाण्याबाहेर काढलं की त्याचं स्वतःचं वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं. कॉर्की साडेतीन टनांच्या वर आहे. तिला झोळीत घ्यायचं, क्रेनने उचलायचं, पाण्याच्या मोठ्या पेटीत अर्धवट बुडवून विमानात चढवायचं, उतरवल्यावर पुन्हा बोटीवर. हे सगळं जमतं, जगभर जमलेलं आहे. केइको या नर ऑर्काला १९९८ मध्ये अमेरिकन हवाईदलाच्या सी-१७ विमानाने ओरेगनहून आइसलँडला नेलंच की. पण तो तेव्हा विशीतला होता.

दुसरी गोष्ट दातांची. हौदातल्या ऑर्का काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी गजांची दारं चावतात, दात झिजतात, तुटतात, आत पोकळी उघडी पडते. मग ते भोक पाडून मोकळे ठेवतात आणि रोज पाण्याच्या धारेने धुतात. कॉर्कीचे दात पार झिजलेले आहेत. रोजचं हे धुणं खाडीतही करावं लागणार, नाहीतर तोंडातला जंतुसंसर्ग रक्तात जायला वेळ लागत नाही. बंदिवासातल्या ऑर्का मरतात त्या बहुतेक न्यूमोनियाने किंवा अशाच संसर्गाने.

सीवर्ल्डच्या बाजूने एक सांगतो. हे प्राणी शिट्टीवर आपणहून शेपटी काठावर ठेवतात, त्यातून रक्त काढून घेतात. लघवीचा नमुनासुद्धा सांगितल्यावर देतात. म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत हे फार मोलाचं असतं. मूत्रपिंड कधी कुरकुरायला लागलं ते आधी कळतं. माझ्याकडची म्हैस इतकी शहाणी असती तर निम्मी दुखणी वेळेवर धरता आली असती.

तेव्हा माझं मत: पाठवू नये असं नाही, पण "पाठवा, त्यात काय" असंही नाही.

रानवारा
डॉक्टर, मुद्दे मान्य. पण यातला प्रत्येक मुद्दा "अजून थांबू" इथेच नेतो. थांबल्याने काय होतं ते मियामीत बघितलं ना?

चकवाचांदण
मियामीत काय झालं? मी नवीन आहे या विषयाला.

सागरिका_म
चकवाचांदण, तिकडची गोष्ट लोलिताची. तिचं आधीचं नाव टोकीटे. ८ ऑगस्ट १९७० ला वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये पकडली आणि मियामी सीक्वेरियमला विकली. हौद २४ मीटर लांब, ११ मीटर रुंद, सर्वांत खोल जागी सहा मीटर. ती स्वतः सहा मीटरांची! सोबतीला ह्यूगो नावाचा नर होता, तो डोकं भिंतीवर आपटत राहायचा. १९८० मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेला. त्यानंतर ४३ वर्षं ती दुसऱ्या ऑर्काशिवाय राहिली. सोबत होते ते डॉल्फिन.

वॉशिंग्टन राज्यातल्या लम्मी नावाच्या मूळ रहिवाशांनी तिला नातलग मानलं होतं, तिला परत आणा म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले होते. शेवटी मार्च २०२३ मध्ये मत्स्यालयाचे नवे मालक, 'फ्रेंड्स ऑफ टोकी' ही संस्था आणि पैसा लावायला तयार झालेले फुटबॉल संघमालक जिम आयर्से यांनी एकत्र बसून जाहीर केलं की तिला घरच्या समुद्रात नेणार. १८ ऑगस्ट २०२३ ला ती वारली. पाच महिनेही मिळाले नाहीत. नेली ती तिची राख, लम्मी लोकांनी ती समुद्रात सोडली.

चकवाचांदण
अरे देवा.

उंटावरचा_शहाणा
लोलिताची गोष्ट वाईटच, पण तिच्यावरून "घाई करा" असा निष्कर्ष काढायचा तर केइकोवरून काय काढणार? त्याच्याबद्दल सगळे अर्धंच सांगतात. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडला, मेक्सिको सिटीत कोमट पाण्याच्या हौदात अंगावर पुरळ घेऊन जगत होता. १९९३ च्या 'फ्री विली' सिनेमामुळे नशीब फिरलं. ओरेगनमध्ये अडीच वर्षांहून जास्त तयारी, मग आइसलँडच्या क्लेट्सविक खाडीत जाळ्याआड, मग समुद्रात फेरफटके. २००२ मध्ये स्वतःच पोहत नॉर्वेला पोचला आणि तिथे काय केलं? माणसं शोधली. मुलं त्याच्या पाठीवर बसायला लागली. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने मेला. खर्च दोन कोटी डॉलरांच्या वर. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी आढावा घेतला त्यातही हेच निघालं, की जंगली ऑर्कांशी त्याचं जुळलंच नाही.

एकोणीस वर्षं बंदिवासात काढलेल्याची ही गत, तर पंचावन्नवालीची काय होईल?

माळरान
शहाणेसाहेब, तुलनाच चुकतेय. केइकोला मोकळं सोडायचं होतं. कॉर्कीला कुणी मोकळं सोडतच नाहीये, शिंपलाताईंनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय. शिवाय केइकोचा कळप कुठला हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आइसलँडच्या समुद्रात कुठेतरी. कॉर्कीचं खानदान नावानिशी माहीत आहे. आई स्ट्राइप, कळप ए-५. मायकेल बिग यांनी सत्तरच्या दशकात पाठीवरच्या पराचे आणि त्यामागच्या करड्या डागाचे फोटो काढून एकेक ऑर्का ओळखायची पद्धत बसवली, तेव्हापासूनच्या नोंदी आहेत.

आणि तो नॉर्वेपर्यंत पोहत गेला, उपाशी पोहोचला नाही, हेही तुमच्या अर्ध्या गोष्टीत नव्हतं.

तिरकस
केइकोला मुलांना पाठीवर बसवायची हौस होती म्हणून त्याचं पुनर्वसन फसलं. या न्यायाने आमच्या धाकट्या काकांचं पुनर्वसन कधीच होणार नाही.
(सविस्तर लिहितोच.)

सागरिका_म
हहपुवा (हसून हसून पुरेवाट), तिरकस.

आता माळरान यांच्या मुद्द्याला जोडून. ब्रिटिश कोलंबियाच्या या 'रेसिडेंट' ऑर्का फक्त मासे खातात, त्यातही चिनूक जातीच्या सामन माशांवर जीव. आणि त्यांच्यात पोर आईला सोडतच नाही, मुलगे पण नाहीत. तिशीतला नर, पर पावणेदोन मीटरांचा झालाय, आणि फिरतोय आईच्या शेजारून. प्रत्येक कळपाच्या हाका वेगळ्या असतात, त्या पिल्लं आईकडून शिकतात. कॉर्कीच्या आवाजात ए-५ च्या हाका अजून ओळखू येतात, असं ऑर्कालॅबवाले सांगतात.

शिवाय या माद्या चाळिशीच्या आसपास वेतं थांबल्यावरही कित्येक दशकं जगतात. प्राण्यांमध्ये हे फार दुर्मीळ. सामन कमी असलेल्या वर्षी पुढे राहून कळपाला वाट दाखवतात त्या याच म्हाताऱ्या. म्हणजे कॉर्की आज समुद्रात असती तर तिचं सगळ्यात मानाचं वय हे असतं.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ए-५ आणि त्यांच्या भाऊबंदांना जॉनस्टोन सामुद्रधुनीत काही ठरावीक किनारे लागतात. तिथे उथळ पाण्यात येऊन गुळगुळीत गोट्यांवर अंग घासतात. एकामागून एक, रांगेने, श्वास सोडून पोट तळाला लावून. दक्षिणेकडच्या, म्हणजे लोलिताच्या नात्यातल्या ऑर्का हे करत नाहीत. ही त्या उत्तरेकडच्यांचीच रीत. १९८२ मध्ये त्यासाठी रॉब्सन बाइट हा भाग राखीव केला.

निवांत_देशपांडे
वा! गोट्यांवर अंग घासणं हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला.

आपलीच_मावशी
मला तर वाचून भरूनच आलं. पोरीला एकदा माहेरी जाऊ द्या हो. आईचा आवाज ऐकू दे तिला.

तिरकस
मावशी, हलकेच घ्या, पण आई २००० सालीच वारली. १९९२ मध्ये झालेला भाऊ आहे, फाइफ नावाचा, त्याला हिने कधी बघितलेलं नाही. माहेर म्हणजे आता न पाहिलेला भाऊ आणि त्याची नातीगोती. अशा माहेरी साठीत राहायला जाल का तुम्ही?

आपलीच_मावशी
जाईन! तुमच्यासारख्यांच्या शेजारी राहण्यापेक्षा कधीही.

खडूस_पण_खरा
+१ मावशींना.

एक वेगळी बाजू मांडतो, मारायला धावू नका. साठ सालाच्या आसपास कॅनडाच्या मत्स्यखात्याने ऑर्का मारण्यासाठी किनाऱ्यावर मशीनगन बसवली होती. ती चालवली गेली नाही, पण बसवली होती! कोळी दिसेल त्या ऑर्काला गोळी घालायचे. १९६४ मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाला शिल्पासाठी नमुना म्हणून मेलेली ऑर्का हवी होती, भाला मारला, ती मेली नाही, म्हणून ओढत बंदरात आणली. ती मोबी डॉल. नंतर कळलं तो नर होता. तीनेक महिने जगला आणि तेवढ्यात लोकांना कळलं की हा राक्षस नाही. पॉल स्पाँगसुद्धा व्हँकुव्हर मत्स्यालयातल्या स्काना या ऑर्काचा अभ्यास करायला आले होते. तिच्यामुळे मत बदललं, ती मोकळी व्हायला हवी असं बोलले आणि नोकरी गेली. ज्या हौदांना आपण शिव्या घालतोय त्यांनीच ऑर्कांना गोळ्यांपासून वाचवलं. कॉर्कीचाही त्यात वाटा आहे.

रानवारा
म्हणजे तिने आपल्यावर उपकार केले. मग फेडा की!

खडूस_पण_खरा
फेडायचेच आहेत. पण फेडताना आपल्याला बरं वाटतंय की तिला, एवढं बघा. मला या सगळ्या "घरी आणा" मोहिमांत माणसांचीच हुरहूर जास्त दिसते.

कलम_दोन
कायद्याचं थोडं. (वकील आहे पण अमेरिकेचा किंवा कॅनडाचा नाही.)

कॉर्की कायद्याने कंपनीची मालमत्ता आहे. लोलिताच्या बाबतीत एक आधार तरी होता, तिच्या कळपाचा समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत होता आणि २०१५ मध्ये तिलाही त्यात धरलं. कॉर्कीचा उत्तरेकडचा समूह कॅनडाच्या यादीत आहे. त्यामुळे अमेरिकन कोर्टात ते दार बंद. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून ऑर्कांची पैदास आणि करमणुकीचे खेळ बंद केले, पण आधीपासून असलेल्यांना ठेवायला मुभा दिली. सीवर्ल्डनेही त्याच वर्षी मार्चमध्ये पैदास थांबवली आणि ही शेवटची पिढी असं जाहीर केलं.

उलट बाजूने कॅनडाचा २०१९ चा कायदा. देवमासे आणि डॉल्फिन बंदिवासात ठेवणं तिथे बंद झालं, आयातही परवान्याशिवाय करता येत नाही. प्राण्याच्या हिताचं असेल तर परवाना देता येतो. म्हणजे कॉर्कीला घरी न्यायचं तर ज्या कायद्याने तिच्यासारख्यांना वाचवलं त्याच कायद्यातून सूट मागावी लागणार.

थोडक्यात, कंपनी स्वतःहून हो म्हणत नाही तोवर कुणी काही करू शकत नाही.

वाऱ्यावरची_वही
मी सॅन डिएगोत राहते. नवरा-मुलांबरोबर जाऊन आले आहे, आता शिव्या घाला.

जुना शामूचा तमाशा २०१७ मध्ये बंद झाला, आता त्याला 'ऑर्का एन्काउंटर' म्हणतात. संगीत कमी आणि माहिती जास्त, पण उडी मारली की मासा मिळतोच. कॉर्की लगेच ओळखू येते, आकाराने मोठी आणि हालचाली सावकाश. मला ती दुःखी वाटली का? खरं सांगू, मला कळलं नाही. ती ऑर्किडबरोबर होती, दोघी शेजारी शेजारी, एकाच वेळी श्वास घ्यायला वर येत होत्या.

आणि या धाग्यावर ऑर्किडचं नाव अजून कुणीच घेतलेलं नाही याचं मला नवल वाटतंय.

चकवाचांदण
ऑर्किड कोण?

वाऱ्यावरची_वही
सांगते, थोडं लांबेल. कॉर्कीबरोबर मरीनलँडमध्ये ऑर्की नावाचा नर होता, पेंडर हार्बरहूनच आणलेला. तिची सगळी पिल्लं त्याचीच. दोघांना एकदमच सॅन डिएगोला आणलं. तिथे त्याची पिल्लं इतर माद्यांनाही झाली, त्यातली एक कांडू, आइसलँडची. सप्टेंबर १९८८ मध्ये कांडूला ऑर्किड झाली आणि त्याच महिन्यात ऑर्की मेला.

कांडू आणि कॉर्कीचं पटत नव्हतं. ऑगस्ट १९८९ मध्ये कांडू तिच्यावर धावून गेली. धडक इतकी जोराची होती की कांडूचाच जबडा मोडला, धमनी फुटली आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत रक्त वाहून ती मेली. ऑर्किड तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिला नंतर जवळ केलं ते कॉर्कीने. स्वतःची सगळी पिल्लं गमावलेल्या बाईने सवतीची पोर सांभाळली, असं म्हटलं तर टीव्ही मालिका वाटेल, पण घडलं ते असं. तेव्हापासून त्या दोघी सोबत आहेत. पस्तीस वर्षांच्या वर झाली.

आता सांगा, रेसिडेंट ऑर्कासाठी कुटुंब हेच सगळं काही, असं सागरिकाताई म्हणतात. मग कॉर्कीचं कुटुंब कुठे आहे? जॉनस्टोन सामुद्रधुनीत की त्या हौदात?

शिंपला
वही, हे मला माहीत होतं आणि तरी पहिल्या पोस्टीत लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर प्रश्न विचारायच्या आधीच मी बाजू घेतली असती. गाडी अडते ती नेमकी इथेच.

माळरान
मग दोघींना न्या.

उंटावरचा_शहाणा
झालं! एकीची वरात होती, आता दोन झाल्या. ऑर्किड हौदात जन्मली. बाप ब्रिटिश कोलंबियाचा, आई आइसलँडची, समुद्र आयुष्यात बघितलेला नाही. कॅनडा तिला का घेईल? उद्या जाळं फाटून बाहेर गेली आणि जंगली नराला भेटली तर? शिवाय सॅन डिएगोतल्या बाकीच्यांचं काय? म्हातारा युलिसीस आहे, तो तर आइसलँडहून पकडलेला. सगळ्यांना नेता का?

गुरांचा_डॉक्टर
शहाणेसाहेबांच्या यादीत एक भर. रोग. कित्येक दशकं माणसांच्या, परक्या समुद्रांतल्या जनावरांच्या आणि औषधांच्या संगतीत राहिलेल्या प्राण्याच्या अंगात काय असेल ते सांगता येत नाही. उत्तरेकडचा समूह सगळा मिळून तीनशेच्या थोडा वर. त्यांच्या वाटेवर जाळं बांधून पलीकडे आजारी जनावर ठेवणं हा धोका तिच्यापेक्षा त्यांना जास्त आहे. महिनोन्महिने तपासण्या केल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.

रानवारा
डॉक्टर, तुमच्या सहीची वाट बघत म्हातारी जाणार.

सागरिका_म
रानवारा, चिडू नका हो. क्लेट्सविकचंच पुढचं प्रकरण बघा. केइकोच्या त्याच खाडीत २०१९ मध्ये शांघायहून दोन बेलुगा माद्या आणल्या, लिटल ग्रे आणि लिटल व्हाइट. हेतू चांगला, पैसा होता, तज्ज्ञ होते. तरी त्यांचा बराच काळ खाडीत नाही, शेजारच्या बांधीव हौदातच गेला. तब्येत, हवामान, खाडीतली कामं, काही ना काही आड येत गेलं. म्हणून आश्रयस्थानं वाईट असं मी म्हणत नाही. जागा पूर्ण तयार नसताना प्राणी हलवला की तो एका हौदातून निघून दुसऱ्या हौदात पोचतो.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात पोर्ट हिलफर्डला व्हायच्या आश्रयस्थानाचंही तेच. जागा २०२० मध्ये ठरली, पुढे परवानग्यांमध्ये वर्षं गेली.

खडूस_पण_खरा
आणि फ्रान्सचं उलटं. कायदा आधी झाला, जागा नाहीच. अँतीबचं मरीनलँड ५ जानेवारी २०२५ ला बंद झालं. विकी आणि तिचा मुलगा केइजो तिथेच राहिले. जपानला पाठवायचं ठरत होतं, फ्रेंच सरकारने नाही म्हटलं. स्पेनमधल्या मत्स्यालयात पाठवायचं ठरलं, तिथल्या वैज्ञानिक समितीने हौद पुरेसे नाहीत म्हणून नकार दिला. प्रेक्षक गेले, उत्पन्न गेलं आणि हौदात दोन ऑर्का. सीवर्ल्ड नफ्यात आहे तोवर कॉर्कीला रोजचे मासे, रोजचा डॉक्टर मिळतोय, हे विसरू नका.

निवांत_देशपांडे
जाता जाता, भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनचे खेळघर काढायला बंदी घातली. एका बाबतीत तरी आपण पुढे आहोत.

तिरकस
देशपांडे, ज्यांच्याकडे हौदच नव्हता त्यांनी हौदावर बंदी घातली. तरीही अभिमान आहे!

बोलघेवडा
मला वेगळीच शंका. कॉर्कीला तिच्या कळपाचे आवाज ऐकवले तर? म्हणजे हलवायचंच नाही, ऑर्कालॅबच्या हायड्रोफोनचा आवाज थेट हौदात सोडायचा. खर्चही नाही.

सागरिका_म
बोलघेवडा, कळपाच्या हाकांचं ध्वनिमुद्रण तिला ऐकवून झालंय म्हणे, आणि तिचं अंग थरथरलं असं सांगतात. त्याचा अर्थ आनंद, भीती की आणखी काही, कोण सांगणार? तिने उत्तर दिलं आणि पलीकडून कुणी बोललंच नाही तर ते क्रूरच. रोज आवाज ऐकवून ठेवायचं आणि जाऊ द्यायचं नाही, नको बाई.

बोलघेवडा
हं. हा विचार केला नव्हता.

कलम_दोन
ऑर्कालॅबचं थेट प्रक्षेपण मी काल लावून बसलो होतो. ऑर्का एकही नाही. तासभर जहाजाच्या इंजिनाची घरघर. अलास्काला जाणाऱ्या क्रूझ याच वाटेने जातात ना?

माळरान
हो, उन्हाळ्यात रोज. आणि ऑर्काही उन्हाळ्यातच येतात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, सामनच्या मागे. तुम्ही अवेळी लावलंत.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे वर्षातले आठ महिने डबल बेमध्ये कॉर्कीला घरच्यांचा आवाजही नाही, सोबत ऑर्किडही नाही, आणि उरलेल्या चार महिन्यांत क्रूझचं इंजिन. याला तुम्ही घरी आणणं म्हणता?

वाऱ्यावरची_वही
शहाणेसाहेब, सीवर्ल्ड मिशन बेच्या काठावर आहे. उन्हाळ्यात तिथे फटाक्यांची आतषबाजी होते. आमच्या घरापर्यंत आवाज येतो. शिवाय पाणी फिरवणाऱ्या पंपांचा आवाज बारा महिने. शांतता हवी असेल तर दोन्हीकडे नाही. पण खाडीत भरती-ओहोटी आहे, तळाला वनस्पती आहेत, मासे ये-जा करतील, पाऊस पडेल, बुडी मारायला खोली असेल. काहीतरी घडत राहील. हौदात रोज एकच गोष्ट घडते, बादली येते.

मी पाठवायच्या बाजूने नाहीये हं अजून. फक्त आवाजाचा मुद्दा टिकत नाही एवढंच.

आपलीच_मावशी
शिंपला, तू धागा काढलास आणि गप्प बसलीस. तुझं काय ते सांग आता.

शिंपला
मावशी, सगळं वाचत होते.

वहीच्या प्रतिसादानंतर माझं असं झालंय: कॉर्कीला एकटीला नेऊ नये. लोलिताच्या बाबतीत मागे सोडायला दुसरी ऑर्काच नव्हती, म्हणून तिथे घाई योग्यच होती. इथे आहे. पंचावन्न वर्षांपूर्वी तोडलेलं नातं जोडायला पस्तीस वर्षांचं तोडायचं, हे मला जमणार नाही.

पण म्हणून हौदातच ठेवा असंही नाही. ऑर्किडला समुद्र माहीत नाही हे खरं, पण कॉर्की सोबत असताना तिला नवीन पाण्याची ओळख होण्याची शक्यता जास्त. आणि कॉर्की आधी गेली तर ऑर्किडला पुढे कुणी हलवणार नाही, तिच्या नावाने मोहीम काढायला तिला कळप कुठे आहे? डबल बे हा कॉर्कीच्या नावाने उघडणारा दरवाजा आहे आणि त्यातून ऑर्किडलाही जाता येईल. ऑर्किडकडे बघूनच मी पाठवायच्या बाजूला आले, कॉर्कीकडे बघून नाही.

अट मात्र सागरिकाताईंची. खाडी आधी पूर्ण बांधा. आजारी प्राण्यासाठी वेगळा कप्पा, उचलता येणारा तळ, दवाखाना, हिवाळ्यातल्या वादळात टिकणारं दुहेरी जाळं. एक हिवाळा रिकामी ठेवून बघा जाळं राहतं का. तोवर सॅन डिएगोत डॉक्टरांच्या तपासण्या चालू द्या. यात कॉर्की राहिली नाही तर राहिली नाही, ऑर्किडसाठी तरी जागा तयार असेल.

उंटावरचा_शहाणा
हे निदान हिशेबात बसतं. क्रूझबद्दल अजूनही पटलेलं नाही.

रानवारा
मला "राहिली नाही तर राहिली नाही" हे वाक्य झेपलं नाही. बाकी ठीक.

कलम_दोन
शिंपलाताई, एक पुस्ती. दोघींपैकी एक तिथे रमली नाही तर परत आणायचं असेल, तेव्हा कॅनडातून निर्यातीलाही परवाना लागतो. आयातीच्या अर्जाबरोबरच परतीचं कलम घालून घ्या, नाहीतर खाडीत अडकून पडायची वेळ येईल.

तिरकस
सविस्तर लिहिणार होतो, पण तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंत. एवढंच विचारतो, त्यांच्याबरोबर माणसं कोण जाणार?

गुरांचा_डॉक्टर
तिरकस, पहिल्यांदाच कामाचं बोललात. सॅन डिएगोतले तिचे ओळखीचे निदान दोन ट्रेनर पहिले वर्षभर खाडीवर हवेत आणि ते करारात लिहूनच घ्यावं. शिट्टीवर शेपटी वर करते ती त्यांच्यासाठी करते. अनोळखी माणसाला ती पहिल्या दिवशी रक्त काढू देणार नाही, आणि तिचं पहिलं रक्त मला तिसऱ्या दिवशी बघायचं आहे.